सेवासदनच्या रमाबाई

महाडच्या किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. ताप उतरत नाही म्हणून, शेतात विंचू चावला म्हणून, नाहीतर घरात बाळ जन्माला आले म्हणून. विंचवाच्या विषावरील उपचारासाठी तर आपल्या महाडचे नाव जगातील डॉक्टरांना ठाऊक आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच भागात राहून ते संशोधन केले. पण औषध दिल्यानंतर रात्रभर रोग्याच्या उशाशी कोण असते? नाडी कोण मोजते? घाम आला, श्वास लागला, हातपाय गार पडले, हे वेळेवर कोण पाहते? डॉक्टर येऊन तपासून जातात. त्यानंतरचे सारे तास परिचारिकेचे असतात. तिला आपण नर्स म्हणतो, प्रेमाने सिस्टर म्हणतो.

२०२१ च्या जुलै महिन्यात सावित्री नदीला महापूर आला, महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळिये गावावर दरड कोसळली. त्या दिवसांत या सिस्टरांची किंमत आपल्या तालुक्याला नव्याने सांगावी लागली नाही.

आता तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडील घरंदाज कुटुंबात मुलगी नर्स झाली, असे सांगणे लाजिरवाणे समजले जाई. हे चित्र पालटण्यासाठी महाराष्ट्रात ज्यांनी कष्ट घेतले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव फार वरचे आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. त्यांनी कोणत्याही रुग्णालयात प्रशिक्षण घेतले नाही. तरीही परिचर्येच्या इतिहासात त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. असे का, हे समजण्यासाठी त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करू.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. तेथील कुर्लेकर घराण्यात १८६२ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. त्या काळी मुलींना शिकवणे अशुभ मानत. बाई शिकली की घरावर संकट येते, अशी लोकांची समजूत होती. त्यामुळे यमुनेला एक अक्षरही शिकवले गेले नाही. १८७३ साली, अकराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. नवरा होता महादेव गोविंद रानडे. वय एकतीस, मोठे विद्वान, सरकारी न्यायखात्यात अधिकारी आणि समाजसुधारक. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. तेव्हा ते विधवेशी लग्न करतील अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. सुधारकांनी त्यांना याबद्दल दोष दिला. तो दोष खोटा होता असे म्हणता येणार नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे प्रसंग असतात. ते झाकून ठेवू नयेत.

सासरी आल्यावर यमुनेची रमा झाली. घरी आल्या-आल्याच रानड्यांनी तिच्या हाती पाटी दिली आणि मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. विचार करा, नवी नवरी, अनोळखी घर, आणि समोर पाटी! दिवसा घरकाम, रात्री अभ्यास, असा क्रम सुरू झाला. पुढे मराठी शिकवायला घरी शिक्षिका येऊ लागली. रमाबाईंची बुद्धी चांगली होती. बाराखडी, मग वाचन, मग हिशोब, मग कविता असे त्या भराभर शिकत गेल्या.

खरी अडचण पुस्तकात नव्हती, घरात होती. रानड्यांच्या घरात सासू, आत्तेसासू, नणंद अशा अनेक स्त्रिया होत्या. त्यांना सुनेचे शिकणे मुळीच पसंत नव्हते. त्या टोमणे मारीत, अबोला धरीत, मोठ्याने वाचले तर हसत. रमाबाई मग हळू आवाजात वाचू लागल्या. पहाटे सगळे झोपलेले असताना त्या अभ्यास उरकून घेत. नवऱ्याकडे तक्रार करायची नाही आणि पुस्तकही सोडायचे नाही, असा त्यांनी मनाशी नियम केला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे किती जड गेले असेल! नवरा शिक म्हणतो आणि बाकी घर शिकू नको म्हणते. दिवसाचे बारा तास मात्र तिला त्या बाकी घरातच काढायचे असतात.

पुढे इंग्रजी शिकवण्यासाठी एक गोऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्या मिशनमधील होत्या. आता घरात नवाच प्रश्न उभा राहिला. परधर्माच्या बाईजवळ बसून, तिला शिवून आलेली सून स्वयंपाकघरात कशी चालेल? म्हणून रोज धडा संपला की रमाबाईंनी आंघोळ करावी, मगच घरात वावरावे, असा आग्रह सुरू झाला. रमाबाईंनी तेही सोसले. हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. एका माणसाला दुसऱ्या माणसाच्या स्पर्शाचा विटाळ होतो, ही कल्पना त्या काळी किती खोल रुजलेली होती, हे यावरून कळते. आपल्या महाडमध्ये १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती. आणि परिचारिकेचे काम म्हणजे तर सारे स्पर्शाचेच काम!

रानड्यांची बदली नाशिकला झाली, धुळ्याला झाली. तेथे घरातला जाच कमी होता. रमाबाई स्त्रियांमध्ये मिसळू लागल्या, चार शब्द बोलू लागल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या; त्यांच्या सभांना आपल्या रमाबाई जात. दोन रमाबाईंमध्ये तुमचा गोंधळ होऊ देऊ नका. १८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी मागणी करणारी मोठी सभा झाली. त्या सभेत गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. अकरा वर्षांपूर्वी जिला आपले नाव लिहिता येत नव्हते, तिने हे केले. ती शाळा निघाली. पुण्यातील हुजूरपागा शाळा ती हीच. सभेहून घरी परतल्यावर मात्र घरातील स्त्रियांनी रमाबाईंना चांगलेच फैलावर घेतले.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि हे जोडपे मुंबईला गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. त्या साथीने घरेच्या घरे ओस पडली. रोग्याजवळ जायला नातेवाईकसुद्धा धजत नव्हते. अशा वेळी पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णसेवा करणाऱ्या शिकलेल्या स्त्रिया समाजात असाव्या लागतात, हा धडा त्या साथीने दिला. पण तो गिरवायला तयार कोण होते?

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे वारले. त्यांच्या अखेरच्या आजारात रमाबाई त्यांच्याजवळ होत्या. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. मूलबाळ नव्हते. त्या काळच्या विधवेचे जीवन फार कठोर असे. तिने कोपऱ्यात बसावे, कुणाच्या मंगलकार्यात पुढे येऊ नये, असा रिवाज होता. रमाबाई पुण्याच्या घरी परतल्या. जवळजवळ एक वर्ष त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्री कैद्यांना भेटू लागल्या, त्यांना वाचून दाखवू लागल्या. रुग्णालयात जाऊन रोग्यांना फळे-फुले देऊ लागल्या. मनोरुग्णांना भेटू लागल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीस जमणाऱ्या यात्रेकरूंसाठी मदतीची व्यवस्था करू लागल्या. या फेऱ्यांमधून त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. एकीकडे रुग्णालयांत रोगी आहेत आणि त्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया नाहीत. दुसरीकडे घराघरांत तरुण विधवा आहेत आणि त्यांना जगण्याला काही आधार नाही.

आता थोडे जगाकडे पाहू. परिचर्येला शास्त्राचे रूप देणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या श्रीमंत इंग्रज घरातल्या. वडिलांनी त्यांना गणित, इतिहास, अनेक भाषा शिकवल्या; पण नर्स होण्याची परवानगी घर देईना. शेवटी १८५१ साली, एकतिसाव्या वर्षी, त्या जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे गेल्या आणि तेथे त्यांनी सुमारे तीन महिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. तीनच महिने! परंतु आधीचे शिक्षण इतके पक्के होते की, तेवढ्यावर त्या पुढे चालल्या. १८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध चालू असताना त्या तुर्कस्तानात गेल्या. इस्तंबूलच्या समोरच्या किनाऱ्यावर उस्कुदार आहे. तेथील लष्करी रुग्णालयात त्यांनी स्वच्छता आणली, हवा खेळती केली, कोण कशाने मेले याचे नीट आकडे लिहून ठेवले. १८६० मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा काढली. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण येथील खेड्यांच्या आरोग्याची त्यांना काळजी होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या सभेच्या कामात न्यायमूर्ती रानडे यांचा मोठा वाटा होता.

आपल्याकडे १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत ही पहिली हिंदी स्त्री नर्सिंग शिकायला आली. पण अशा स्त्रिया अगदी मोजक्या. रुग्णालयांत बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती परिचारिका असत. इतरांची भीती अशी की, परक्या पुरुषाला हात लावावा लागतो, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढावे लागते, रात्रपाळीला घराबाहेर राहावे लागते. हे काम करणाऱ्या बाईशी सोयरीक कोण करणार? मुस्लिम घरांमधून पडद्याचाही प्रश्न होता. गंमत पाहा, बायकांना पुरुष डॉक्टरने तपासू नये असा आग्रह धरणारी घरेच आपल्या मुलींना नर्स किंवा डॉक्टर होऊ देत नव्हती! मग तपासणार कोण?

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन ही संस्था काढली. मलबारी हे पारशी पत्रकार आणि कवी, तर दयाराम गिदुमल हे सिंधी न्यायाधीश. स्त्रियांनी शिकावे आणि जातिधर्म न पाहता सेवा करावी, असा त्यांचा हेतू होता. सेवासदन हा शब्द तुम्हांला अवघड वाटायला नको. सेवा म्हणजे खिदमत आणि सदन म्हणजे घर. या कामासाठी त्यांनी रमाबाईंचे मार्गदर्शन मागितले. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यात सेवासदन सुरू झाले. ते भरले कोठे? रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. ज्या घरात पहाटे चोरून वाचावे लागत होते, त्या घराण्याच्या वाड्यात आता मोठ्या बायका मोठ्याने धडे वाचू लागल्या. गोपाळ कृष्ण देवधर हे रमाबाईंचे मोठे सहकारी. हिशोब, पत्रव्यवहार, वर्गणी गोळा करणे या कामांत ते अतिशय तत्पर होते. अशा माणसांशिवाय संस्था उभ्या राहत नाहीत. मात्र आपल्या पुस्तकांत त्यांना एकच ओळ मिळते, जशी येथेही मिळाली.

सेवासदनात येणारी स्त्री कशी होती? वीस-पंचवीस वर्षांची, बहुधा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली. लिहिता-वाचता न येणारी किंवा जेमतेम येणारी. तिला थेट रुग्णालयात पाठवून चालले नसते. ज्वरमापीवरचा आकडा वाचता आला पाहिजे. सहा थेंब आणि साठ थेंब यांतला फरक बाटलीवरच्या चिठ्ठीतून कळला पाहिजे. तो कळला नाही तर रोगी दगावतो. रात्री कोणते औषध केव्हा दिले, हे सकाळी येणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहून ठेवता आले पाहिजे. म्हणजे आधी शाळा हवी. पण पंचवीस वर्षांची बाई सहा वर्षांच्या मुलीशेजारी बसून एकेक इयत्ता सावकाश कशी चढणार? तिच्याजवळ तेवढी वर्षे नाहीत आणि तिला त्याची गरजही नाही. संसार चालवलेल्या बाईला शेर-मापे, हिशोब, आजारी माणसाचा पथ्यपाणी हे अनुभवाने येत असते. म्हणून सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग होते. अक्षरओळख, वाचन, गणित, सोबत शिवण-टिपण, प्रथमोपचार, आणि मग ज्यांची तयारी होईल त्यांना रुग्णालयाकडे पाठवणे, असा मार्ग होता. रमाबाई स्वतः याच वाटेने गेल्या होत्या. लग्नानंतर पाटी हाती धरूनही माणूस कुठवर जाऊ शकतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

रुग्णालयातले शिक्षण पुण्याच्या ससून रुग्णालयात मिळे. बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभे राहिले आहे. तेथे खाटा आवरणे, जखम धुणे, पट्टी बांधणे, उपकरणे उकळून निर्जंतुक करणे, नाडी आणि श्वास मोजणे, बाळंतपण करणे हे सारे शिकावे लागे. हे शिक्षण मात्र घाईने उरकण्यासारखे नव्हते. अक्षरे लवकर शिकता येतात. जखम धुण्याचा हात शंभर जखमा धुतल्यावरच बसतो.

सुरुवातीला परिचर्येच्या वर्गाला फार थोड्या मुली मिळाल्या. आलेल्या मुलींची लोक थट्टा करीत. सासरचे लोक नाराज, माहेरचे घाबरलेले. अशा वेळी रमाबाईंनी काय केले? पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी परिचारिकांसाठी स्वतंत्र वसतिगृह उघडले. मुलगी कोठे राहते, कोणासोबत जेवते, रात्रपाळी करून कोठे परतते, या प्रश्नांना त्यामुळे उत्तर मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतःचे नाव पणाला लावले. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी स्वतः मुलींची काळजी वाहतात म्हटल्यावर पुण्यातील सनातनी माणसालाही बोलताना विचार करावा लागे. त्या शांत बोलत, कधी कुणाचा अपमान करीत नसत, जुन्या चालीरीती स्वतः पाळत. काही सुधारकांना त्यांचा हा सौम्यपणा आवडत नसे. मला वाटते, त्या सौम्यपणामुळेच बापांनी आपल्या मुली त्यांच्या स्वाधीन केल्या. भांडून सभा जिंकता येते. परंतु दुसऱ्याची मुलगी रात्रपाळीला पाठवायची तर आधी विश्वास मिळवावा लागतो.

हळूहळू मुली वाढल्या. परिचारिकांबरोबर वैद्यकशाळेत शिकणाऱ्या मुलींसाठीही सेवासदनाने वसतिगृह काढले. शिक्षिका तयार करणारे अध्यापिका विद्यालय सुरू झाले. १९१५ साली पुणे सेवासदनाची संस्था म्हणून रीतसर नोंदणी झाली. सोलापूरलाही सेवासदनाचे काम सुरू झाले. प्रशिक्षण घेतलेली परिचारिका पगार घरी आणू लागली, तेव्हा तिच्याबद्दलची भाषाही बदलली. कालपर्यंत जी भावाच्या दारात आश्रित होती, तिच्याच पैशांवर भावाची मुले शिकू लागली तर तिला नावे कोण ठेवणार?

आज हा मार्ग किती रुंद झाला आहे, ते पाहा. सहायक परिचारिका होण्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, जनरल नर्सिंगसाठी तीन वर्षांचा, तर बीएस्सी नर्सिंगची पदवी चार वर्षांची आहे. जनरल नर्सिंग पूर्ण केलेल्या परिचारिकेला पुढे पदवी हवी असेल तर तिला पुन्हा चार वर्षे द्यावी लागत नाहीत. दोन वर्षांत पदवी मिळते. अमेरिकेसारख्या देशांत तर आधी दुसऱ्याच विषयाची पदवी घेतलेले लोक, कुणी इतिहासाचे, कुणी हिशोबनिसाचे काम केलेले, तिशी-चाळिशीत परिचर्येकडे वळतात आणि साधारण एक ते दीड वर्षात नर्सिंगची पदवी घेतात. जे आधी शिकलेले आहे ते पुन्हा शिकवत नाहीत, म्हणून वेळ वाचतो. रुग्णालयातील प्रत्यक्ष काम मात्र त्यांनाही करावेच लागते. मुलगेसुद्धा आता या व्यवसायात येतात. तुमच्यापैकी कुणी मुलगा हे वाचून हसत असेल, तर त्याने मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात जाऊन पाहावे.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी आणखी दोन कामांत लक्ष घातले. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करताना ते मुलांबरोबर मुलींनाही लागू करावे, यासाठी त्यांनी स्त्रियांना संघटित केले. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, या चळवळीतही त्या होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्या पुणे सेवासदनाच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६२ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. २०१२ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘उंच माझा झोका’ ही मराठी मालिका दूरदर्शनसंचावर घरोघरी पाहिली गेली. तुमच्या आईला ती आठवत असेल.

रमाबाईंनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. भाषा साधी, घरगुती आहे. तुम्हांलाही दहावीनंतर ते सहज वाचता येईल. पाटीवरचा पहिला धडा, सासूचे टोमणे, आंघोळीचा आग्रह, सभेतले निवेदन, सारे त्यात आहे. मात्र पतीच्या मृत्यूपाशी त्यांनी लेखणी खाली ठेवली आहे. पुढील तेवीस वर्षांतील तुरुंगभेटी, सेवासदन, ससूनमध्ये पाठवलेल्या मुली, यांविषयी त्यात काही नाही. ती हकिकत त्यांनी स्वतः लिहिलीच नाही.